अनुक्रमांक चौदा

बँकेच्या पाकिटावर मी अजून सौ. आहे.
सौ. शलाका पुष्कराज दिघे, उलवे,
सेक्टर एकोणीस, चौथा मजला.
बेलापूरच्या कोर्टाने जे सोडवलं
त्याचे कागद मी दोनदा शाखेत नेऊन दिले.
खिडकीतल्या मुलीने शिक्का मारला: मिळाले.
मिळाले म्हणजे वाचले असं नसतं.

हुकूमनाम्यात होतं, घर मला, हप्ता निम्मा-निम्मा.
कर्जाच्या करारात होतं, त्याच्या कितीतरी आधी, बारीक टायपात:
संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे.
सही करताना मला ते मंगलाष्टकातलं वाटलं होतं.
दोघांनी मिळून, आणि एकेकट्यानेही.
किती समजूतदार, म्हटलं होतं मी.
पुष्कराजच्या पेनातली शाई संपली होती,
माझ्याच पेनाने सही केली त्याने.

रबाळ्याला त्याचा खोक्यांचा कारखाना.
औषधांचे, मिठाईचे, हापूसचे खोके.
आत काय जाणार ते आपल्याला कशाला,
आपण घडी नीट पाडायची, म्हणायचा.
वैशाखात त्याचा निम्मा आला नाही.
ज्येष्ठात निम्म्याचं निम्मं आलं.
मग काहीच नाही,
आणि पुढच्या श्रावणात वकिलाचं पत्र:
आमच्या अशिलाने नादारीचा अर्ज केला आहे,
तरी सर्व धनकोंनी

धनको.
अकरावीत पाठ केलेला शब्द, पुस्तपालनाच्या तासाला.
सोबत यादी, एकूण एकवीस.
बारावा डिंकवाला, तेरावा टेम्पोवाला भगत,
चौदा: माजी पत्नी, थकीत हप्त्यांपोटी,
दोन लाख अठ्ठावीस हजार पंच्याऐंशी. विनातारण.
माझ्याखाली पाण्याचा टँकर.

बाई, साहेब म्हणाले, त्यांचं देणं कोर्टात गेलं,
तुमचं इथेच आहे. पूर्ण.
पूर्ण म्हणजे?
म्हणजे पूर्ण. एकतीस हजार चारशे साठ, दर पाच तारखेला.
मग त्याचं नाव तरी काढा.
त्यांची सही लागेल.
आणि त्यांची सही आता त्यांची राहिलेली नाही.

म्हणजे त्याच्यासोबत मी ऋणको,
त्याच्याविरुद्ध धनको,
त्याच चार भिंतींपायी.
पुस्तपालनाच्या बाई दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायला लावायच्या.
एकच माणूस दोन्हीकडे बसला तर काय, ते नव्हतं पुस्तकात.

रिसीव्हरचा माणूस आला तो चपला बाहेर काढून.
दस्त नोंदवायचा राहिला होता ना, म्हणाला,
त्यांचा अर्धा हिस्सा आता आमच्याकडे.
अर्धा म्हणजे कुठला?
तो ओशाळला. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.
हॉल मोजला, मोरी मोजली,
ओट्याखालचा सिलिंडर सरकवून तेवढंही.
मी टोक धरून उभी, भिंतीला टेकवून,
पडदे लावताना धरायचे तशी.
खिडकीपाशी थांबला. इथे टेकडी होती ना?
होती. धावपट्टीसाठी फोडली.
नकाशात आहे अजून, म्हणाला,
आणि पाणी मागितलं.

पाच तारखेला, सकाळी सहाच्या सुमारास, मेसेज येतो.
रक्कम वजा झाली.
त्याच वेळी त्याच्याही फोनवर येत असणार,
त्याचा नंबर काढायलाही त्याची सही लागते.
भाद्रपदात खात्यात बाराशे कमी पडले.

अकरा महिन्यांनी त्याचा आवाज.
शलाका, पाचशे नव्वद दंड पडलाय, पाहिलंस?
पाहिलं.
मागे यंत्रं चालू नव्हती. कुणीतरी कांदा परतत होतं.
मोरीची गळती थांबली?
नाही.
एम-सील लाव. दोन्ही एकदम कालवायचं, पण लगेच लावायचं,
दहा मिनिटं गेली की दगड होतो.
हो, म्हटलं.
ठेवल्यावर फोनकडे पाहिलं.
चार मिनिटं झाली होती.