एक तांबडीच राहिली

सेगेदमध्ये, तिसा नदीपासून दोन गल्ल्या आत,
आमच्या तळघरात दिवे रात्रभर जळतात.
माणसांसाठी नव्हे, बाटल्यांसाठी.
बाटल्यांत जीवाणू, बिटाच्या पाण्यासारखे,
उजेडावर जगणारे, गंधकाचा वास मारणारे.
माझं नाव पिरोश्का. आमच्या भाषेत त्यात तांबडं ऐकू येतं.
हे काम माझ्याकडे त्यामुळे आलं नाही,
पण बोतोंद तसंच सांगतो पाहुण्यांना.

दोन हजार आठशे वसाहती.
प्रत्येकीच्या जनुकांत एक आगंतुक तुकडा, कुठेही घुसलेला,
चालू वाक्यात कुणी खोकावं तसा.
डब्यात हायड्रोजन सोडायचा
आणि ओल्या कागदाकडे बघत बसायचं.
ज्यांना हायड्रोजन पचतो त्यांच्याखाली निळं उमटतं.
निळं. निळं. निळं.
चौदा आठवडे निळं.

गुरुवारी एक तांबडीच राहिली.

विकराचंच जनुक मोडलं असणार, आम्ही म्हटलं.
मोडलं नव्हतं. अक्षर न् अक्षर शाबूत.
प्रथिन घडत होतं, पण पोटात पोकळ.
आणि एकच नाही,
हायड्रोजनची चारही विकरं एकदम गार.
घाव भलतीकडे होता, गुणसूत्रावर कितीतरी लांब,
एका हरकाम्या जनुकात.
त्याचं काम काय,
तर लोखंडाच्या अणूपाशी सायनाइड पोचतं करायचं.

सायनाइड.
मोजून दोन. कमी नाही, जास्त नाही.
त्याशिवाय ते लोखंड हायड्रोजनला हात लावत नाही.

एतेल्कामावशी पाप्रिकाच्या कारखान्यात होती.
मिरची उभी चिरून आतल्या शिरा काढायची,
जाळ सगळा तिथेच असतो.
रात्री हात ताकात बुडवून बसायची,
आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायची नाही.
डब्यावर छापलेलं असे : गोड, पहिली प्रत.
ती जाळ बाहेर काढत होती,
हे जनुक विष आत नेतं.
दोघांचंही नाव डब्यावर नाही.

ते जनुक मी धडकं करून परत घातलं.
सोमवारी, डबा उघडायच्या आधीच,
कडेकडेने निळं यायला लागलं.
बोतोंदने तारीख लिहिली आणि सँडविच खायला गेला.

निबंध छापून आला. शेवटी आभार,
आभारांत मी,
नावातलं एक अक्षर गळालेलं.

वाचता येतं तरी.