पड

पहाटे चारला तो उठतोच.
गजर नाही, घंटा नाही,
इंचॉनची तळघरातली प्रार्थनेची खोली
दोन बस आणि एक बोट मागे राहिली,
तरी देह उठतो, अंधारात मोजे शोधतो,
शर्टाची वरची गुंडी लावतो,
आणि मग अंथरुणाच्या कडेला बसून राहतो
गाडी चुकलेल्या माणसासारखा.

बावीस वर्षं हेच. बर्फात, तापात,
त्याचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा.
भांडी विसळता विसळता मी एकदा हिशेब केला:
आठ हजारांच्या वर पहाटा.
त्यातली एकही आमची नव्हती.

जानेवारीत, एका अंत्यविधीत,
त्याला मेलेल्या बाईचं नाव आठवेना.
जिच्या हातची किमची आम्ही दर हिवाळ्यात खाल्ली, ती.
"आमची ही बहीण," तो म्हणाला,
आणि पुन्हा, "आमची ही बहीण."
लोकांना वाटलं, गहिवरला.
मला दिसत होतं, पोहरा तळाला घासतोय,
वर येतोय तो नुसता गाळ.

वडीलजनांनी सहा महिने दिले.
ठराव झाला, टाळ्या झाल्या,
पाकीट, वर संत्र्यांची पेटी.
खजिनदार चू म्हणाले,
"भरपूर विसावा घ्या, पाळकसाहेब,
येताना मंडळीसाठी नवा दृष्टान्त घेऊन या."
म्हणजे सुट्टीलाही गृहपाठ.

इथे, बेटावर, शेजारच्या ओक-बुनआजीने
पहिल्याच दिवशी विचारलं, काय करता तुम्ही?
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
बराच वेळ गेला. "काही नाही," तो म्हणाला.
"मग या की. लसूण उपटायला माणूस हवंय."

संध्याकाळी तळहातावरचे फोड
त्याने मला दाखवले,
शाळेतून बक्षीस आणल्यासारखे.

आजीच्या घरामागे एक तुकडा नुसताच आहे.
तण, दगड, कसलीशी पिवळी फुलं.
यात काय लावणार, त्याने विचारलं.
"काही नाही. दमलाय तो. राहू दे पड."
सातव्या वर्षी भूमीला विसावा, लेवीय, अध्याय पंचवीस:
हा उपदेश त्याने किती वेळा केला असेल,
दर वेळी तीन मुद्दे
आणि शेवटी इमारत निधीचं आवाहन.
त्या दिवशी तो बांधावर बसला, ऊन उतरेपर्यंत.
मुद्दा एकही निघाला नाही.

प्रार्थना करतोस का, मी विचारत नाही.
कधी जेवणाआधी डोळे मिटतो ते सूप निवेपर्यंत,
कधी मिटायचे विसरून थेट चमचा उचलतो.
यातलं बरं होणं कोणतं, मला कळत नाही.

एक सांगायचं राहिलं.
निघताना त्याने फोन माझ्या हाती दिला होता.
एकोणीसशे नावं. "किम, डायलिसिस."
"तिसऱ्या मजल्यावरची आजी."
"हिला नवऱ्याबद्दल विचारायचं नाही."
मी तो तांदळाच्या डब्यात पुरला,
तांदूळ ओल शोषतो म्हणतात.
पण रविवारी, तो किनाऱ्यावर गेला की,
मी डब्यात हात घालते.
तिसऱ्या मजल्यावरची आजी गेली.
मी लिहिलं, "कळलं. प्रभू तुम्हांला धीर देवो."
खाली त्याचं नाव.
माझ्यासाठी कोणी ठराव केला नव्हता.

परवा मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं.
शैवालाच्या बोटी केव्हाच गेल्या होत्या.
तो शेजारी, तोंड उघडं, घोरत,
बोटांना लसणाचा वास.
सहा वाजून दहा मिनिटं.
माझा हात त्याच्या मानेखाली बधिर झाला होता.
काढला नाही.
तांदूळ धुवायचे होते,
तेही राहू दिले.