उतारा

संध्याकाळी बूट काढला तर आतून नट पडला,
तीन सुती, तेलकट, फरशीवर वाजत गेला.
राजमती म्हणाली, हा कुठला?
मी म्हटलं, मिलहाउसमधला असेल.
ती म्हणाली, ते नव्हे,
सकाळपासनं पायाखाली होता
आणि तुम्हाला कळलं नाही?

मोज्यावर रुपयाएवढा डाग होता.
दुखत नव्हतं.
हाच तो आजार, हे पुढं मिरजेत कळलं.

एकतीस हंगाम मी वाळव्याकडच्या एका कारखान्यात
प्रयोगशाळेच्या खिडकीशी काढले.
रसाचा ब्रिक्स, पोल, शुद्धता,
दर दोन तासांनी बाटली, दर पाळीला सही.
शेतकरी येऊन विचारायचे,
केमिस्टसाहेब, उतारा किती पडला?
मी दशांशानंतरचे दोन आकडे सांगायचो.
स्वतःचं रक्त कधी बाटलीत धरलं नाही.
रात्री तीनदा उठायचो, म्हणायचो, थंडी आहे.
पॅन्ट सैल झाली, म्हणायचो, हंगाम आहे.

डॉक्टर बिरनाळ्यांनी कागद पुढं सरकवला.
साडेदहा.
मी सवयीनं म्हणालो, चांगला पडलाय.
ते हसले नाहीत.
म्हणाले, हा एका दिवसाचा आकडा नव्हे.
लाल पेशी चारेक महिने जगते,
जगते तोवर साखर तिला चिकटत राहते.
आदल्या दिवशी उपास करून हा फसत नाही.
म्हणजे सरासरी, मी म्हटलं. हंगामाची.
हं, तुमच्या भाषेत.

मग मी माझ्याच भाषेत समजून घेतलं.
यार्डात ट्रॉल्यांची रांग थेट फाट्यापर्यंत,
बैल रवंथ करतायत, ऊस वाळतोय,
आणि आत गव्हाण रिकामी फिरतेय.
माल आहे, भूक आहे,
मधल्या गेटवरचा वॉचमन चिठ्ठी ओळखेना झालाय.
म्हणून जेवून उठलो तरी दमायचो.

रस्त्यात अडकलेली साखर गप्प बसत नाही.
इव्हॅपोरेटरच्या नळ्या आम्ही दर महिन्याला
कॉस्टिकनं उकळून, ब्रश घालून साफ करायचो,
किटण नखानं खरवडून मी फोरमनला दाखवायचो.
डोळ्यामागच्या केसाएवढ्या वाहिन्या,
मूत्रपिंडाची चाळणी,
यांना साफसफाईची सुट्टी कोण देणार?
काळीज एक पाळी बंद ठेवता येत नाही.
आणि कालव्याच्या टेलला पाणी आधी आटतं,
तसे आधी अंगठे गेले.

सिस्टर लोखंडेंनी डोळे मिटायला सांगितले.
नायलॉनचा दोरा, गळाला असतो तसला,
तळव्यावर टेकवत विचारत गेल्या, लागतंय का?
मी दहापैकी सहादा हो म्हटलं.
नंतर कळलं,
त्यातल्या दोनदा त्यांनी टेकवलाच नव्हता.

शेजारच्या आक्कांनी भात ओवाळून
तिकटीवर उतारा ठेवला.
मी गोळ्याही घेतल्या.
चहा बिनसाखरेचा, आणि पहाटे नदीकडच्या रस्त्यानं
बूट दोनदा झटकून, आत हात घालून, मगच चालणं.
आता साडेसातवर आहे.
आयुष्यात पहिल्यांदा उतारा कमी पडला म्हणून
कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.
गेलेले अंगठे मात्र परत आले नाहीत.

रात्री भांडी आवरली की
राजमती चष्मा लावते, बॅटरी घेते,
माझा पाय मांडीवर ओढून
बोटांच्या बेचक्यांत बघते,
भेग, फोड, लाली, काही नवीन.
लग्नाला चौतीस वर्षं झाली.
एवढा वेळ तिनं माझा पाय कधी धरला नव्हता,
आणि धरला तर असा.
मी बघत राहतो,
तिचा अंगठा टाचेवरून फिरत कडेला येतो,
हळदीनं पिवळं झालेलं नख.
बघितलं नाही तर तो तिथं नसतोच.

कळतंय का, ती विचारते.
मी हो म्हणतो.
ती काही बोलत नाही.
दुसरा पाय मागते.