एकाच पंखाची पिसं

चिवा आणला बुरूड गल्लीतून, भरीव,
पेरं मोजून. मधलं पेर मुठीला.
जिंद्या म्हणाला, हिरवा नको, पार खडखडीतही नको,
वाजवून बघ.
मी टिचकी मारली. मला काही कळलं नाही.
त्यानं मारली, आणि तिसराच उचलला.

एकतीस वर्षं मी साखर पेठेत चादरी विणल्या,
हातांना आडवं-उभं एवढंच ठाऊक.
साठी उलटल्यावर वाकस धरायला शिकलो.
पोट तासायचं, पाठ नाही.
पाठीची साल हाच कामठ्याचा जीव,
तिला नख लागलं तरी एक दिवस तो तोंडावर फुटतो.
हे जिंद्यानं तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा वाकस काढून घेतला.

दोरी मात्र माझी. तिथं मी त्याचं ऐकलं नाही.
वीस नंबरचं दुपदरी सूत,
आधी उलट पीळ, मग सुलट,
मेण चोळून चोळून तळहात तापलेला.
गाठ विणकराची,
तुटलेला धागा एका चिमटीत सांधतो ती.
जिंद्या बराच वेळ ती ओढत बसला.
"ही फाशाला चालंल बे," म्हणाला,
आणि गप्प झाला.
त्याची माणसं फाशांची. कामठा त्याच्या मामाचा,
अक्कलकोटकडच्या माळावरचा. मामा आता नाही.

बाणाला बोरू, सीनेच्या काठचा,
विस्तवावर धरून सरळ केलेला.
टोकाला (हे मी सांगणार नव्हतो)
माझ्याच धोट्याची लोखंडी चोच.
कारखाना भंगारात निघाला तेव्हा दोन धोटे
पिशवीत टाकले होते.
जन्मभर गेले आणि आले, गेले आणि आले,
पन्ह्याच्या बाहेर कधी पडले नाहीत.
पिसं घारीची, कंबर तलावाच्या काठी वेचलेली.

नान्नजच्या अलीकडं माळावर गेलो.
कडब्याच्या चार पेंढ्या, वर पोतं,
पोत्यावर खडूनं ससा. कान जरा जास्तच झाले.
पहिला बाण सशाच्या डावीकडून गेला.
दुसराही.
तिसरा गवतात. तो शोधत असताना
मोटारसायकल आली. वनरक्षक.

कामठा माझ्या हातात होता.
भाता माझ्या खांद्यावर.
नाव त्यानं जिंद्याला विचारलं.
मग आडनाव.
मग वस्ती कुठली, घरात किती जण,
परवा रात्री कुठं होतास.
जिंद्या सांगत गेला, दोन्ही हात पुढं, दिसतील असे.
असं उभं राहायला त्याला कुणी शिकवलं नसावं.
त्याचा आजा सेटलमेंटच्या तारेआड
दिवसातून तीनदा हजेरी द्यायचा.

मी म्हणालो, साहेब, हे मी केलंय. ही दोरी बघा.
"तुम्ही राहू द्या हो, काका."
मी म्हणालो, माझंही लिहा.
गड्डम. अंबय्या राजय्या गड्डम.
पेन जरा थांबलं,
मग खिशात गेलं.

तिसरा बाण सापडलाच नाही.
अंधार पडेपर्यंत आम्ही कुसळं तुडवली.

परतताना जिंद्या उरलेला बाण बोटांत फिरवत होता.
मी काही बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो,
एकाला दुसरा सांधेना.
मार्डी फाट्यावर तोच म्हणाला,
"डाव्या पंखाचं एक बांधलास, उजव्याची दोन.
असं नसतंय बे. एकाच पंखाची लागत्यात.
कुठं जायचं ते बाणाला कळंना झालंय."

रात्री दिव्याखाली पिसांचे दोन ढीग केले.
डावी सात, उजवी चार.
एक कुठल्या पंखाचं, ते मला ठरवता आलं नाही.
ते वेगळं ठेवलंय,
जिंद्याला दाखवायला.