हमरियातलं सर्वात खोल पाणी

या आखाताची खोली ती काय?
फार तर पन्नास वाव, तीही पलीकडे, इराणच्या अंगाला.
सर्वात खोल पाणी आहे ते इथं,
हमरियाच्या तीन नंबर शेडमध्ये,
गोदरेजच्या कपाटाएवढ्या पोलादी नळकांड्यात.

मी पंप चालवते.
बाहेर सकाळीच बेचाळीस अंश, पत्रा तडतडतोय.
काटा चढतो: शंभर, तीनशे, सातशे, अकराशे.
दोन तास वीस मिनिटांत सहा हजार वाव,
आणि मी स्टुलावर,
डब्यातल्या पोह्यांत शेंगदाणे शोधत.

आत काचेचा गोळा असतो, त्यात कॅमेरा.
दिलमुराद नळकांड्याला कान लावतो. मनाई आहे, तरी.
त्याचं गाव ग्वादर, होडीवाल्यांचं घर.
काच बोलते म्हणतो.
काय बोलते?
नाव सांगत नाही, म्हणतो, फक्त दात खाते.

शाळेच्या भूगोलात गर्ता होती, दोन मार्कांची.
नंतर कर्जाच्या गर्तेत सापडलेली माणसं भेटली, निराशेच्याही.
पाण्याच्या गर्तेत कोणी आपसूक सापडत नाही.
तिथं जायला फार तयारी लागते,
आणि ती तयारी
ज्यांना जायचं नाही तेच करतात.

बाबा हर्णैचे तांडेल.
शिशाच्या गोळ्याला साबण फासून दोरी सोडायचे,
साबणाला चिकटून आलेला गाळ जिभेवर ठेवायचे.
"वाळू," म्हणायचे. "पुढं चिखल."
फोनवर विचारतात, किती वाव गेलीस गो आज?
सहा हजार.
आणि चव?
चव नाही बाबा. काटा आहे.
मग ते बराच वेळ बोलत नाहीत,
मागं टीव्हीवर हवामान चालू असतं.

खल्फान आमचा फोरमन.
त्याचा आजोबा नाकाला शिंगाचा चिमटा लावून
आठ वाव खाली जायचा, शिंपल्यांसाठी, एका दमात.
पायाला दगड, कमरेला दोरी.
आजोबाची गोष्ट खल्फान क्वचितच सांगतो.
सांगतो ती दोरी धरणाऱ्याची:
त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव,
हाताला कळायचं म्हणे त्याच्या,
खालचा माणूस दोरी हलवण्याआधीच.

ओ-रिंगच्या खाचेत
एक केस पुरतो.
त्याच्या कडेनं पाणी वाट काढतं.
पहिल्या दिवशीच शिकवतात हे, नंतर कोणी बोलत नाही.

सात नंबर इथूनच गेला.
मीच पुसला, ग्रीस लावलं, सही केली.
पॅसिफिकमधल्या एका गर्तेत उतरला,
तळाचे चार फोटो पाठवले:
करडा गाळ, करडा गाळ,
काहीतरी पांढरट, सरकणारं,
करडा गाळ.
मग काही नाही.
वर आलाच नाही.
अहवालात दोन शब्द: कारण अज्ञात.

मी तेव्हा केस मोकळे सोडायचे नाही, तरीपण
मार्चमध्ये गळत होते, फार.
उशीवर, डब्यात, कीबोर्डवर.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
दिलमुरादला बहुधा माहीत आहे;
दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या टेबलावर
टोप्यांचं अख्खं खोकं आणून ठेवलं
आणि म्हणाला, स्वस्त मिळाल्या.

आज आठ नंबर.
दोन टोप्या घातल्यात, एकावर एक.
खाच बॅटरीनं बघते, भिंगानं बघते,
मग डोळे मिटून नुसत्या बोटानं फिरते तिच्यातून,
एकदा, उलट एकदा.
बोट काय शोधतंय
ते बोटालाच ठाऊक.

चार तास धरला. टिकला.
झडप उघडली तेव्हा
सहा हजार वाव पाणी
फरशीवरून मोरीकडे निघालं,
याच आखाताचं, मीठ काढलेलं, कोमट.
दाराशी झोपलेली मांजर उठली,
एक पाय उचलून झटकला,
आणि प्यायला लागली.