बॉयलर नंबर दोन, कुपवाड

करार झाला तेव्हा मी खाली होतो, राख ओढत.
वर दूधसंघाचे मगदूम, साखर कारखान्याचे केमिस्ट खंबाळे,
एकमेकांची बिलं पहिल्यांदाच उघडी मांडून.

कोळसा वजनात दगड घेऊन यायचा.
आता उसाचा भुसा येतो, दाबून विटा केलेला,
जी ट्रॉली रिकामी खडखडत परतायची, तिच्यातूनच.

पहिल्या आठवड्यात वाफ धरेना.
खंबाळे आले, वीट फोडली, नाकाशी धरली:
"ओल."
एवढंच.
दुसऱ्या दिवशी गंजीवर ताडपत्री,
तीही त्यांच्याच गोडाऊनची.

पहाटे साडेपाचला काटा दहावर. दूध तापतं.
भट्टीचं दार उघडलं की
जळक्या काकवीचा वास येतो थोडा.

नखं अजून काळीच.
पण परवा ही म्हणाली, कॉलर हुंगत,
कुठल्या गुऱ्हाळावर होता रात्रभर?