हिरवा चष्मा

क्रान्यच्या दवाखान्यात
नर्सने मला हिरवा चष्मा चढवला.
काम खाली, चष्मा वर!
मी हसले, मग तीही.

डॉक्टर वेस्ना, माझ्या लेकीच्या वयाची,
विचारत होती, दुखतं किती, शून्य ते दहा?
आम्ही मधमाश्यांची माणसं,
डंखांत मोजतो.
लघवीला दोन. सायकलवर चार.
आणि लोय्झे जवळ आला की...
तिथे मी मोजणं सोडलं.
दोन हिवाळे तो माडीवर निजतो.
घोरतो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते.
तो घोरत नाही.

गुण येईल?
कुणाला येतो, कुणाला नाही, ती म्हणाली,
अभ्यासांचंही अजून एकमत नाही,
मलम आहेच, ते स्वस्त पडेल.
खरं बोलली, म्हणूनच झोपले टेबलावर.
एका खेपेचे चारशे युरो,
म्हणजे चेस्टनटच्या मधाच्या चाळीस बरण्या.

टिक. टिक. टिक.
ऊब, बारीक टोचणी,
कोरड्या भिंतीवरून फिरणारा
न दिसणारा उजेड.
मार्चमध्ये पेटी उघडण्याआधी
मी फळीला कान लावते,
आत कुणी उरलंय का ते ऐकायला.
आज फळी मीच होते,
आणि कानही माझाच.

बसथांब्यावर लोय्झे उभा,
पावाची पिशवी घेऊन.
"काढला का दात?"
अजून दोनदा जायचंय, म्हटलं.
चढ लागला. चर्च मागे पडलं.
दात नव्हता, लोय्झे.

तो थांबला.
पिशवी या हातातून
त्या हातात घेतली.